उजव्या कानाचा ठसा

ता. २२ सप्टेंबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र गुरुवारी हाती पडलं. मी बरी आहे. जेवणखाण व्यवस्थित चाललंय. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, मीही त्याच्यावर कुरकुरते, असं आमचं दोघांचं चाललेलं असतं. वहिनीला सलाम, मुलांना पापा. मुलं आता पापा घेऊ देण्याच्या वयाची राहिली नसतील, पण लिहायची सवय झाली आहे.

आपल्या चर्चच्या यंदाच्या संमेलनात मंडळीला वाचून दाखवायला जरा मोठं साक्षपत्र पाठव, असं तू लिहिलं आहेस. सोबत नेहमीची सूचनाही आहे: साक्षपत्रात सेवेचं तेवढंच लिही, घरचं, आईचं वगैरे वेगळ्या कागदावर लिहीत जा. गेल्या वर्षापासून तू हे सांगतो आहेस आणि मी ऐकत आले. मला वाटायचं, स्वतःच्या घरचं व्यासपीठावरून वाचायला तुला संकोच वाटत असेल. आज मात्र मी दुसरा कागद घेतलेला नाही. सगळं एकाच कागदावर येईल, तेवढं चालवून घे.

तर आधी सेवेचं.

आमचा कानाचा दवाखाना अजून त्याच जागेत आहे, मिशनच्या इस्पितळामागच्या जुन्या कोठारात. तपासणीच्या खोलीला आतून गाद्या ठोकल्या आहेत, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही. दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. सकाळपासून रांग असते. मी कान तपासते. ज्याला ऐकायचं मशीन लागणार त्याच्या कानात गुलाबी लगदा भरते आणि तो घट्ट झाला की अलगद बाहेर काढते. हा झाला कानाचा ठसा. त्यावरून प्लॅस्टिकचा साचा करायचा, कानशीने घासायचा, कानात घालून बघायचा, पुन्हा घासायचा. दोन माणसांचे ठसे कधी सारखे निघत नाहीत. डॉक्टरसाहेब मला एकदा गमतीने ‘ठसेवाल्या बाई’ म्हणाले, आणि आता झाडूवाल्यापासून सगळं इस्पितळ तेच म्हणतं.

परवा एका आजोबांना मशीन बसवलं. बस चालवायचे, आता घरी असतात. किती वर्षांनी ऐकू येतंय म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, की आता रडतील, आता देवाचे आभार मानतील. त्यांची सून शेजारी उभी राहून बोलत होती. ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मग मशीन काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, ‘हे राहू द्या बाई. मला आपलं वाटत होतं, ही इतकी वर्षं माझी विचारपूस करते आहे.’ सून हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्याने मशीन घेऊन गेले, ती गोष्ट निराळी. एवढं मंडळीला वाचून दाखव. हसतील.

तू म्हणशील, हिला आज झालंय तरी काय, मुद्द्यावर येत नाही. येते. मला थोडं आडवळणाने यावं लागणार आहे.

मी इकडे यायला निघाले तो रविवार तुला आठवतो का? आईला सोडून यायला माझा पाय निघत नव्हता. तिची सत्तरी उलटलेली, मी बिनलग्नाची, आमचा दोघींचा संसार म्हणजे दोन कप आणि एक चहादाणी. तू म्हणालास, ‘आई माझ्याकडे राहील. काही कमीजास्त झालं तर त्याच दिवशी तुला कळवीन.’ घरात नाही म्हणालास. सगळ्या मंडळीसमोर, पाळक म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास. आई पहिल्या बाकावर बसली होती. तिने मान हलवली, म्हणून मी निघाले.

इथे महिन्यातून एकदा डॉक्टरसाहेबांच्या ऑफिसातून घरी फोन करायला मिळतो. सुरुवातीला आई यायची फोनवर. ‘बेबी, तिकडे थंडी आहे का गं’ यापलीकडे तिची गाडी जायची नाही, पण आवाज तर यायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्यानंतर ती फोनवर येईनाशी झाली. तू आधी म्हणालास, झोपली आहे. मग म्हणालास, मावशीकडे गेली आहे. मग म्हणालास, तिला फोनवर काही ऐकूच येत नाही, रिसीव्हर हातात घेतला की बावरते.

दादा, तुला दुसरं काही सुचलं नाही का? घसा बसलाय म्हणायचंस. दात काढलेत म्हणायचंस. कानाचं काम करणाऱ्या बहिणीला तू कानाचं निमित्त सांगितलंस. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. परक्यांच्या आयांना मशीन बसवते आहे आणि माझी आई तिकडे बहिरी होऊन बसली आहे, हे मला सहन होईना. रजेवर निघालेल्या एका भगिनींबरोबर लगदा पाठवला, ठसा कसा घ्यायचा त्याची चित्रं काढून पाठवली आणि तुला बजावलं की कानाच्या डॉक्टरकडूनच करून घे, स्वतः शहाणपणा करू नकोस.

ठसा आला. पावडरच्या रिकाम्या डब्यात, कापसात गुंडाळलेला, झाकणावर तुझ्या वळणदार अक्षरात ‘आई, उजवा कान’.

आईचे कान तुला आठवतात? लहानसे, आतल्या बाजूला वळलेले, माझ्यासारखे. तुझे बाबांवर गेले आहेत. उपासनेला निघताना तिच्या कानातली फुलं मीच घालून द्यायचे, तिला ती फिरकी मागून कधी लावता आली नाही. त्या ठशाकडे मी पुन्हा पुन्हा बघितलं. चांगला मोठा होता, खोल होता. मला खटकलं. पण म्हातारपणी कान वाढतात, हे मी पेशंटना रोज सांगते, तेच मी स्वतःला सांगितलं. तुझ्यावर शंका घ्यावी हे डोक्यातसुद्धा आलं नाही. तू मोठा भाऊ, तू पाळक, आणि डब्यावर तुझं अक्षर.

त्या साच्यावर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुणाच्याच कानासाठी घेतली नसेल. आईची कातडी नाजूक, म्हणून कडा परत परत घासल्या आणि स्वतःच्या गालाला लावून बघितल्या. घासताना प्रार्थना करायचे. मशीन पोचल्यावर तू फोनवर म्हणालास, ‘आई रडली गं. म्हणते, बेबीने मला कान दिले.’ मी ऑफिसातून बाहेर आले आणि जिन्यावरच बसून देवाचे आभार मानले. इतके मनापासून आभार मी आयुष्यात कधी मानले नव्हते.

आता पुढचं. आमच्याकडे एक नवी मुलगी आली आहे. नर्स आहे. आपल्या मंडळीतली नाही, तिकडचीच पण दुसऱ्या गावची. उंच, बडबडी, कुठल्याही भांड्याचं झाकण कुठल्याही भांड्यावर ठेवणारी. माझ्याच खोलीत तिची खाट टाकली आहे. खिडकीत मोजे वाळत घालते आणि आंघोळ करताना मोठमोठ्याने गाते. मला ती आवडते. हे आधीच लिहून ठेवते, कारण जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

इथली पद्धत तुला मी मागे कळवली होती. नवं माणूस आलं की पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे जेवणघरात जमतो आणि त्याने उभं राहून आपलं पाचारण सांगायचं. देवाने या कामाला आपल्याला कुठे बोलावलं, कसं बोलावलं. ते सांगत असतं आणि आम्ही मधूनमधून आमेन म्हणत असतो. खरं सांगू? निम्मं लक्ष चहाकडे असतं. आमेन तोंडातून आपसूक येतं.

ती उभी राहिली. म्हणाली, ‘मी खरं तर घराजवळच नोकरीला लागणार होते. गेल्या वर्षी आमच्या मेळाव्यात एक पाहुणे पाळकसाहेब आले. त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली.’ आमेन. ‘त्यांची बहीण परदेशात सेवेत होती. आई आजारी पडल्या. सगळे म्हणाले, मुलीला बोलवा. त्या म्हणाल्या, बोलवू नका, तिने देवाचं काम हातात घेतलंय, ते सोडायला लावू नका.’ आमेन. ‘आई गेल्या. बहिणीला कळवलं, तर ती म्हणाली, मी मातीला येऊन काय करू? इथे जिवंत माणसं माझी वाट बघताहेत.’ आमेन, आमेन. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मला त्या बहिणीचा हेवा वाटला, दादा. मनात म्हटलं, काय बाईचा विश्वास आहे, आपल्याला हे जमलं नसतं. आणि सगळ्यांबरोबर, बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठ्याने, मीही आमेन म्हटलं.

मग ती म्हणाली, ‘शेवटी त्या एकसारख्या दाराकडे बघत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, स्वर्गाच्या दाराकडे. अंगावर त्यांनी मुलीचा शाळेतला कोट पांघरून घेतला होता. तो कोट पाळकसाहेबांनी व्यासपीठावर आणला होता, उंच धरून आम्हाला दाखवला. तपकिरी कोट. सगळी बटणं काळी आणि एकच हिरवं.’

ते हिरवं बटण आईने तिच्या स्वेटरचं काढून लावलं होतं. वर्गात मुली हसल्या म्हणून मी रडत घरी आले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘असू दे गं. सगळ्या पोरी एकसारख्या दिसतात. मला तू लांबून ओळखू येशील.’

आईचं मरण मला हे असं कळलं. हातात चहाचा कप आणि तोंडात आमेन. मी उठले, कप विसळला, पालथा घातला आणि खोलीवर गेले. ती मुलगी मागोमाग आली. ‘ताई, माझी साक्ष कशी झाली?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, ‘छान झाली.’

सोमवारी तू लोकांच्या घरी भेटी द्यायला जातोस ती वेळ साधून मी फोन केला. वहिनीने उचलला. मी एवढंच म्हटलं, ‘वहिनी, मला कळलंय.’ ती आधी ‘काय कळलं, कशाबद्दल बोलताय’ म्हणून कानावर हात ठेवायला बघत होती. पण तिला खोटं बोलता येत नाही. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून शिकली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. रडायलाच लागली.

‘बेबीताई, मी कितीदा म्हटलं, कळवा. हे म्हणाले, आपल्या मंडळीने पाठवलेलं पहिलंच माणूस, ते अर्ध्यावर परत आलं तर लोक काय म्हणतील? ती आली की परत जायची नाही. काम पुरं झालं की सांगू. मग दिवस गेले, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही.’

मी विचारलं, ‘ठसा कोणाचा?’

‘माझ्या आईचा,’ ती म्हणाली. ‘ती आमच्याकडेच असते आता. आईंच्या खोलीत.’

मग मी विचारलं, ‘आई खरंच म्हणाली का, तिला बोलवू नका?’ वहिनीने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, ‘खाट दाराकडे फिरवून घेतली होती त्यांनी. फाटक वाजलं की विचारायच्या, बेबी आली का? मी आपली म्हणायचे, येतेय, येतेय.’

स्वर्गाचं दार म्हणे. ती आपल्या फाटकाकडे बघत होती, दादा. माझी वाट बघत होती. तू तिच्या उशाशी बसला होतास, तुझ्या हाताशी फोन होता, आणि तू मनातल्या मनात प्रवचन जुळवत होतास. तिच्या तोंडी तू शब्द घातलेस, माझ्या तोंडी घातलेस, आणि आमच्या दोघींच्या नावावर गावोगाव टाळ्या घेतल्यास. मेळाव्यात टाळ्या वाजवत नाहीत, आमेन म्हणतात, हे मला माहीत आहे. तुला कळतंय मी काय म्हणते ते.

मला तुझा संताप आला आहे. क्षमेचं काही सांगू नकोस. आपल्या घरात क्षमा म्हणजे तू चुकायचं आणि आम्ही गप्प बसायचं, असंच लहानपणापासून चालत आलं आहे. आई म्हणायची, जाऊ दे, तो पाळक आहे. मीही म्हणत आले. ते आता होणार नाही.

तुला वाटत असेल, हिचा विश्वास उडाला. उडाला असता तर तुला त्यावरही एक प्रवचन मिळालं असतं. झालं उलटंच. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, मी त्या गाद्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि देवाला तोंडाला येईल ते बोलले. ओरडले, कारण तिथून बाहेर काही जात नाही. आजवर मी प्रार्थना करायचे ती तुझ्या आवाजात, तुझ्याच शब्दांत, तुझ्यासारखं मध्ये मध्ये थांबून. देवाचा आवाज साधारण तुझ्यासारखा असणार, असंच मी धरून चालले होते. त्या सकाळची प्रार्थना मात्र माझी होती. तिच्यात एकही शब्द चांगला नव्हता. आणि तरी कोणी तरी ऐकत होतं. हे मी खात्रीने सांगते, कोण ऐकतंय आणि कोण नाही हे ओळखण्याचंच माझं काम आहे. विश्वासात वाढणं म्हणतात ते हेच असेल, तर ते मला फार कडू लागलं. पण वाढले. त्याचं श्रेय मात्र तू घेऊ नकोस.

ही मुलगी इथे आली ती तुझ्या खोट्यावर विसंबून. पण तिचं काम खोटं नाही. काल एक लहान पोरगी ठसा घ्यायला बसेना, किंचाळत होती. हिने तिला मांडीवर घेतलं आणि डोकं असं छातीशी धरून गाणं म्हटलं की पोरगी गप्प झाली. देव खोट्यातूनसुद्धा माणसं बोलावतो की काय, मला सांगता येत नाही. तिला मी अजून काहीच बोललेले नाही. माझे डोळे बघून ती विचारते, ‘ताई, घरी आईंना बरं नाही का?’ मी हो म्हणते. बघ, मीही शिकले. तिला खरं काय ते तू लिहायचं, तुझ्या हाताने, खाली सही करून. ते पत्र मी इकडे परत येताना घेऊन येईन.

हो, मी तिकडे येते आहे, आणि इकडे परतही येणार आहे. डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले, मग म्हणाले, ‘बाई, तुम्ही जाऊन या.’ संमेलनापर्यंत मी पोचते. पण हे काम सोडणार नाही. मला इथे बोलावलं ते देवाने. तू फक्त डोक्यावर हात ठेवला होतास.

तू साक्षपत्र मागितलंस, ते हे. पहिल्या सलामापासून खालच्या सहीपर्यंत वाच, तुझ्या त्याच भरल्या आवाजात. आजोबांच्या गोष्टीवर मंडळी हसली की तिथेच घडी घालून खिशात ठेवू नकोस. तू नाही वाचलंस तर मी वाचेन, याची नक्कल माझ्याजवळ आहे. कोट व्यासपीठावर आणायचा नाही. तो मला हवा आहे.

तुझ्या सासूबाईंकडून मशीन मात्र काढून घेऊ नकोस. त्यांचा काय दोष? त्यांना पहिल्या बाकावर बसव, आई बसायची तिथे. साचा उजव्या कानात नीट दाबून बसव, सैल राहिला तर शिट्टी वाजते. ते मशीन माझ्या आईसाठी केलेलं आहे. तिच्या वाट्याचं निदान एकदा त्यांनी ऐकावं.

मी मागे, दाराशी बसेन. तुझं वाचून संपलं की मंडळी सवयीने आमेन म्हणायला लागतील. त्यांना म्हणू देऊ नकोस. ते मी म्हणून बसले आहे.

सहीच्या आधी ‘तुझी’ असं लिहून खोडलं आहे. वाचताना तेही सांग.

येते आहे,
आईची
बेबी